छावणीचें नांव कोणाचें?

विद्यार्थी मित्रहो, हेमलकशाहून भामरागडकडे व तेथून पुढें अरण्यांत जाणाऱ्या वाटांवर जीं पोलीस ठाणीं व मदत केंद्रें आहेत, त्यांचीं नांवें तुम्हांस पाठ आहेत: ताडगांव, धोडराज, लाहेरी, कोठी. हीं सर्व गांवांचींच नांवें होत. कोणा राजाचें, सेनापतीचें किंवा पुढाऱ्याचें नांव त्यांस दिलेलें नाहीं. ज्या गांवाजवळ ठाणें उभें राहिलें, त्या गांवाचें नांव त्यानें घेतलें आणि प्रश्न मिटला. जगांत सर्वत्र मात्र असें नसतें. किल्ला, छावणी, बराकी, आरमारी तळ यांस माणसांचीं नांवें देण्याची चाल जुनी आहे. आणि राज्य पालटलें किंवा लोकांचें मत पालटलें, म्हणजे तें नांव ठेवावें कीं पुसावें असा वाद उत्पन्न होतो. गेल्या कांहीं वर्षांत हा वाद आपल्या देशांत झाला, अमेरिकेंतहि झाला. त्याचा मराठी मुलखाशीं, एवढेंच नव्हे तर जुन्या चांदा जिल्ह्याशींहि निकट संबंध असल्यामुळें त्याचा थोडा विस्तारानें अभ्यास करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कलकत्त्याचा किल्ला घेऊं. (शहराचें नांवहि २००१ सालापासून कोलकाता असें झालें आहे, पण तो विषय निराळा.) हुगळी नदीच्या कांठचा फोर्ट विल्यम हें आपल्या सैन्याच्या पूर्व विभागाचें मुख्य ठाणें आहे. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचें नांव त्यास मिळालें होतें. २०२५ च्या फेब्रुवारींत असें प्रसिद्ध झालें कीं, सैन्यानें तें बदलून 'विजयदुर्ग' असें ठेविलें आहे. आंतील किचनेर हाऊस या इमारतीचें माणेकशा हाऊस झालें, सेंट जॉर्जच्या नांवाचा दरवाजा शिवाजी दरवाजा झाला, आणि रसेल ब्लॉक या इमारतीस क्रांतिकारक बाघा जतीन यांचें नांव मिळालें. विजयदुर्ग हें नांव आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील प्रसिद्ध जलदुर्गावरून घेतलें, असेंहि सांगण्यांत आलें. हें वाचून मराठी माणसाची छाती फुगावी हें स्वाभाविक आहे. परंतु विद्यार्थ्यानें तेवढ्यावर थांबूं नये. कारण या दोन किल्ल्यांमध्यें एक विलक्षण दुवा आहे, आणि तो आपणांस सुखाचा आहे तितकाच बोचणाराहि आहे.

विजयदुर्गास इंग्रज लोक जवळच्या गिर्ये गांवावरून 'घेरिया' म्हणत. शिवाजी महाराजांनीं तो आदिलशाहीकडून घेऊन बळकट केला, आणि पुढें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें तें एक मोठें ठाणें झालें. १७१७ त व पुन्हां १७२० त इंग्रजांनीं त्यावर हल्ले केले, ते फसले. १७२९ सालीं कान्होजी वारले. त्यांच्या मागें मुलांमध्यें भाऊबंदकी माजली, आणि त्यांपैकीं तुळाजी आंग्रे विजयदुर्गीं राहून पेशव्यांसहि जुमानीनासा झाला. तेव्हां त्यास मोडण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांशीं संगनमत केलें. १७५६ च्या फेब्रुवारींत अॅडमिरल वॉटसन यानें समुद्रावरून तोफा डागल्या व क्लाइव्ह यानें फौज घेऊन जमिनीवरून रस्ता धरला. आंग्र्यांचें आरमार बंदरांतच जळून गेलें, किल्ला पडला, आणि आंतील द्रव्य इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतलें. पेशव्यांस किल्ला मिळाला तो पुढें तह झाल्यावर, आणि त्याच्या मोबदल्यांत बाणकोट इंग्रजांकडे गेलें.

त्याच सालच्या जून महिन्यांत सिराजउद्दौल्यानें कलकत्ता घेतलें. तें परत घेण्यास कोण गेले? तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह. १७५७ च्या जानेवारींत कलकत्ता त्यांच्या हातीं आलें, २३ जून रोजीं प्लासीची लढाई झाली, आणि पुढच्याच सालीं नव्या फोर्ट विल्यमच्या बांधकामास आरंभ झाला. म्हणजे ज्यानें विजयदुर्ग घेतला, त्याच क्लाइव्हच्या अमलांत हा किल्ला उभा राहूं लागला. आणि पावणेतीनशें वर्षांच्या आंत त्याच किल्ल्यावर विजयदुर्गाचें नांव चढलें! नुसतें नांव वाचणारास यांत मराठ्यांचा जय दिसेल. पण जो विद्यार्थी 'हें नांव येथें कोठून आलें?' असें विचारील, त्यास हेंहि शिकावें लागेल कीं, मराठ्यांचें सर्वांत बलाढ्य आरमार जाळण्याच्या कामीं मराठ्यांच्याच मुख्य सत्तेनें परक्याचा हात धरला होता. आम्हांस वाटतें, हें दुसरें ज्ञान पहिल्या अभिमानापेक्षां कमी मोलाचें नाहीं.

विजयदुर्ग या नांवास तेथें आणखी एक आधार आहे, आणि तो बंगालच्या भूमींतलाच आहे. १९७१ सालच्या युद्धांत पूर्व विभागाच्या सैन्याचीं सूत्रें याच किल्ल्यांतून हालत होतीं. १६ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्यास शरणागति पत्करणारा पाकिस्तानी सेनापति नियाझी यास त्यानंतर येथेंच आणून ठेविलें होतें. माणेकशा हे त्या वेळीं सरसेनापति होते व त्यापूर्वीं याच पूर्व विभागाचे प्रमुख होते. तेव्हां किचनेरच्या जागीं त्यांचें नांव येणें यांत ओढून आणलेलें कांहीं नाहीं.

इंग्रजांनींहि आपल्या किल्ल्यांस नांवें दिलींच होतीं. बाणकोटच्या किल्ल्याचें त्यांनीं फोर्ट व्हिक्टोरिया केलें. १७६५ त सिंधुदुर्ग हातीं येतांच त्याचें फोर्ट ऑगस्टस केलें. तो त्यांना लवकरच सोडावा लागला. आज मालवणच्या कोळ्यास 'फोर्ट ऑगस्टस कोठें आहे?' असें विचारून पाहा. तें नांव कागदांतच राहिलें आणि कागदांतच विरलें. नांव लिहिणारा एक असतो आणि नांवानें हांक मारणारे दुसरे असतात, व शेवटीं दुसऱ्यांचेंच चालतें.

आतां मुंबईस येऊं. जुन्या कोटाच्या आवारांत, ज्यास बॉम्बे कॅसल म्हणतात तेथें, एक आरमारी तळ आहे. इंग्रजी अमदानींत त्याचें नांव 'डलहौसी' असें होतें. १५ सप्टेंबर १९५१ रोजीं तें बदलून 'आंग्रे' असें ठेविलें. नांवांची याहून बोलकी अदलाबदल सांपडणें कठीण. ज्या आंग्र्यांस मुंबईकर इंग्रजांनीं दोन पिढ्या आपल्या कागदपत्रांत 'चांचा' म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर म्हणून लिहिलें, त्यांचेंच नांव इंग्रजांच्या मुख्य कोटास मिळालें.

पण कान्होजी खरोखर चांचे होते काय? येथें विद्यार्थ्यानें न्यायाधीशाच्या आसनावर बसून दोन्ही बाजू ऐकाव्या. इंग्रजांचें म्हणणें असें कीं, ते व्यापारी गलबतें अडवीत, माल लुटीत व माणसें धरून दंड घेत. हें घडत असे, यांत संशय नाहीं. दुसरी बाजू अशी कीं, कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे राज्याच्या आरमाराचे प्रमुख होते. कोंकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतानें त्यांचें दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा व जकात द्यावी, असा त्यांचा नियम होता. ज्यापाशीं दस्तक नसे तें गलबत ते धरीत. आतां पाहा, पोर्तुगीज लोक असेच परवाने दोनशें वर्षें देत आले होते, आणि इंग्रजहि आपले परवाने देत. जें एकानें केलें तर राजाचा हक्क, तें दुसऱ्यानें केलें तर दरोडा कसें ठरतें? 'चांचा' या शब्दांत गुन्हा किती आणि लिहिणाऱ्याचा स्वार्थ किती, हें अशा रीतीनें तपासावें लागतें. १७२१ त इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्याच्या किल्ल्यावर चालून गेले व हात हालवीत परतले. ज्याच्यासाठीं दोन राष्ट्रांस मिळून मोहीम काढावी लागली, त्यास साधा दरोडेखोर समजणें सोयीचें असलें तरी खरें नव्हे.

एक गंमतीची गोष्ट येथें सांगून ठेवूं. लोणावळ्यास १५ फेब्रुवारी १९४५ रोजीं आरमाराची जी यंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, तिला 'शिवाजी' हें नांव खुद्द इंग्रज सरकारनेंच दिलें होतें. सुरतेच्या वखारींतील ज्यांच्या पूर्वजांनीं शिवाजी महाराजांस लुटारू म्हणून लिहिलें, त्यांच्याच वंशजांस महायुद्धाच्या काळीं मराठी जवानांची मनें राखण्यास तें नांव उपयोगी वाटलें असावें. नांव देणारा नेहमींच श्रद्धेनें देतो असें नाहीं.

आणि डलहौसी कोण? १८४८ ते १८५६ पर्यंत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. औरस पुत्र नसलेल्या राजाचा दत्तक नाकारून त्यानें सातारा, झांशी हीं राज्यें खालसा केलीं. १८५३ च्या डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, तेव्हां नागपूरचें राज्यहि १८५४ त खालसा झालें, आणि त्याबरोबर चांदा प्रांत इंग्रजांच्या अमलाखालीं गेला. चांद्याचा कोट तर १८१८ च्या मे महिन्यांतच इंग्रजी तोफांनीं एकदां फोडला होता. तेव्हां मुंबईच्या कोटावरून डलहौसीचें नांव उतरलें, ही गोष्ट वाटते तितकी आपल्या अरण्यापासून दूरची नाहीं.

खालसा झाल्यावर चारच वर्षांनीं, १८५८ च्या मार्चांत, मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं राजगड परगणा ताब्यांत घेऊन उठाव केला. आर्पल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिलच्या रात्रीं प्राणहितेच्या कांठीं चुंचगुंडी येथें तारायंत्र खात्याच्या तळावर त्यांच्या लोकांनीं हल्ला केला; त्यांत गार्टलंड व हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून बाबूरावांस पकडविलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांस फांशी दिलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें. तुरुंगाच्या आवारांतील तो पिंपळ आजहि लोक दाखवितात. सरकारी कागदांत ते 'बंडखोर' होते. १२ मार्च २००९ रोजीं त्याच देशाच्या टपाल खात्यानें त्यांच्या नांवाचें तिकीट काढिलें.

समजा, उद्यां आपल्या भागांतील एखाद्या सशस्त्र तळास बाबूरावांचें नांव द्यावें असें कोणी सुचविलें, तर? प्रथम ऐकतांना तें गोडच वाटेल. पण विचार करूं लागलें म्हणजे अडचणी दिसतात. सरकारच्या सत्तेविरुद्ध शस्त्र धरणाऱ्या पुरुषाचें नांव सरकारच्याच शस्त्रधारी ठाण्यास शोभेल काय? गेलीं चार दशकें आणि अधिक काळ या अरण्यानें बंदुकीचा आवाज ऐकला आहे. गांवकरीहि मेले, पोलीसहि मेले. अशा ठिकाणीं पूर्वजाचें नांव फाटकावर लावणें हा कोणास मान वाटेल, तर कोणास आपला माणूस हिरावून नेल्यासारखें वाटेल. आमचें मत असें आहे कीं, हा निर्णय मुंबईस किंवा नागपुरास बसून करण्याचा नव्हे. ज्यांच्या घरीं त्यांचीं गाणीं म्हटलीं जातात, त्या गांवांच्या ग्रामसभांस आधीं विचारलें पाहिजे, आणि त्यांनीं 'नको' म्हटलें तर तें 'नको' ऐकलें पाहिजे. आणखी एक: मुलांस बाबूराव शिकवितांना गार्टलंड व हॉल यांचीं नांवेंहि सांगावीं. ते कोणी सेनापति नव्हते, तारेचे खांब रोवणाऱ्या खात्याचे नोकर होते. त्यांचा उल्लेख केल्यानें बाबूरावांचें मोठेपण उणें होत नाहीं.

याच प्रश्नांत अमेरिकेचें काय झालें तें आतां थोडक्यांत सांगतों. तेथें १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें. गुलामगिरी राखूं पाहणारीं दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघालीं व हरलीं. पुढें दोन महायुद्धांच्या काळांत दक्षिणेंत ज्या छावण्या उघडल्या, त्यांपैकीं नऊ छावण्यांस त्या हरलेल्या पक्षाच्या सेनानींचीं नांवें दिलीं गेलीं. म्हणजे ज्यांनीं राष्ट्राच्या सैन्याशीं लढाई केली त्यांचीं नांवें त्याच सैन्याच्या छावण्यांस! आणि त्या छावण्यांत कृष्णवर्णी शिपाईहि कवाईत करीत. २०२० सालीं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णी मनुष्याचा पोलिसांच्या हातून मृत्यु झाला, तेव्हां हा जुना सल उफाळून आला. कायदा झाला, एक मंडळ नेमलें गेलें, आणि २०२३ त नऊहि नांवें बदललीं. सर्वांत मोठी छावणी फोर्ट ब्रॅग ही फोर्ट लिबर्टी झाली. फोर्ट लीस ग्रेग आणि अॅडम्स या दोन कृष्णवर्णी अधिकाऱ्यांचीं नांवें मिळालीं. छावण्या, रस्ते, इमारती, जहाजें, सर्व मिळून खर्चाचा अंदाज सुमारें सव्वासहा कोटी डॉलरचा होता.

पण २०२५ सालीं नव्या सरकारनें चक्र उलट फिरविलें. कायद्यानें त्या जुन्या सेनानींचीं नांवें देण्यास बंदी होती, म्हणून एक युक्ति काढण्यांत आली: त्याच आडनांवाचे दुसरे शूर शिपाई शोधून काढिले. फोर्ट ब्रॅग पुन्हां फोर्ट ब्रॅग झाली. पण आतां ती ब्रॅक्स्टन ब्रॅग या सेनानीची नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धांत लढलेल्या रोलंड ब्रॅग या साध्या शिपायाची. फोर्ट लीहि परत आली, आणि ती फिट्झ ली या कृष्णवर्णी शिपायाच्या नांवानें. त्या शिपायांच्या शौर्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु पाटीवरचा शब्द तोच ठेवून 'माणूस दुसरा आहे' असें सांगणें हा आमच्या मतें कायद्याशीं खेळलेला लपंडाव आहे. जे जुन्या नांवावर प्रेम करीत होते त्यांना जुनाच माणूस आठवणार, आणि बिचाऱ्या शिपायाचें नांव पडद्यासारखें वापरलें जाणार. तरीहि एका गोष्टीची जाणीव ठेवावी: जुनें नांव हवें म्हणणारे सर्वच गुलामगिरीचे कैवारी नव्हते. ज्या छावणींतून बाप आणि आजा युद्धावर गेला, तिचें नांव घरांत आपल्या गांवासारखें रुळलेलें असतें.

अंदमानांत ३० डिसेंबर २०१८ रोजीं तीन बेटांचीं नांवें बदललीं. त्यांतील नील बेट हें आतां शहीद द्वीप आहे. १८५७ त अलाहाबाद व कानपूरकडे क्रूर सूड उगविणारा जो जनरल नील, त्याचा मद्रासेंतील पुतळा हालवावा म्हणून १९२७ सालीं सत्याग्रह झाला होता, आणि १९३७ त काँग्रेसचें मंत्रिमंडळ आल्यावर तो पुतळा रस्त्यावरून काढून पदार्थसंग्रहालयांत नेण्यांत आला. हा मार्ग आम्हांस विशेष पसंत आहे: चौकांतून काढला, पण फोडला नाहीं, ज्यास पाहावयाचा असेल त्यानें जाऊन पाहावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, परक्यांचीं नांवें काढणें सोपें आहे. खरें आहे, कठीण प्रश्न घरांतलेच. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव भीमा येथें कंपनीच्या फौजेंत पुष्कळ महार शिपाई होते आणि समोर पेशव्यांची सेना होती. तेथील स्तंभास १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं भेट दिली, आणि अस्पृश्यतेखालीं भरडलेल्या लोकांस तो आपल्या पराक्रमाची खूण झाला. १९४१ सालीं उभारलेल्या महार रेजिमेंटच्या टोपीवरील चिन्हांत हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढून त्या जागीं खंजीर आला. एकाच भाषेच्या लोकांत एकाचा जय तो दुसऱ्याचा पराजय, असें हें उदाहरण आहे. चिन्ह बदललें म्हणून जानेवारीच्या पहिल्या दिवशीं तेथें जमणारी गर्दी कमी झाली नाहीं. पाटी आणि आठवण या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें यावरून ध्यानांत येतें.

मग नांव केव्हां बदलावें? आमची कसोटी साधी आहे. त्या नांवाखालीं ज्यांस रोज राहावें, कवाईत करावी किंवा वागावें लागतें, त्यांचा त्या नांवानें अपमान होतो काय, हें आधीं पाहावें. नागपूरकरांच्या नातवानें डलहौसीच्या नांवाखालीं स्वतंत्र देशाची नोकरी कां करावी? तें नांव गेलें हें उत्तम झालें. पण एखादें नांव केवळ परकी आहे, किंवा सत्तेवर आलेल्यांस आपली खूण उमटवावयाची आहे, एवढ्यासाठीं तें बदलूं लागलें, तर पुढचे सत्ताधारीहि तेंच करतील. अमेरिकेंत दोनच वर्षांत तें दिसून आलें. शिवाय जुनें नांव दप्तरांतून पुसूं नये. पुढच्या मुलांस १८५४ चा कागद वाचतांना त्यांतलें गांव नकाशावर सांपडलें पाहिजे.

आपल्याच जिल्ह्याचें पाहा. चांदा हें नांव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झालें, आणि त्या जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा निघाला. तरी भद्रावतीजवळचा दारूगोळ्याचा सरकारी कारखाना अजून 'ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा' या नांवानेंच ओळखला जातो, आणि गोंदिया बल्लारशाह मार्गावरील स्टेशनाच्या पाटीवर 'चांदा फोर्ट' हींच अक्षरें आहेत. त्यावरून कोणी भांडत नाहीं. गाडी येते, जाते.

पालकांस एक विनंति आहे. माडिया घरांतील वडीलधाऱ्या माणसांस आपल्या गांवाचें, ओढ्याचें, डोंगराचें जें नांव ठाऊक आहे, तें सरकारी नकाशावर पुष्कळदां निराळ्या रूपांत उतरलेलें असतें. लिहून घेणारास भाषा येत नव्हती, म्हणून त्याच्या कानास जें ऐकूं आलें तें त्यानें लिहिलें. मुलांनीं या सुटींत आजा आजीजवळ बसून तीं नांवें जशीं उच्चारलीं जातात तशींच वहींत उतरून घ्यावीं, त्याबरोबर नांव कशावरून पडलें तेंहि विचारावें, आणि एका बाजूस नकाशावरचें नांव, दुसऱ्या बाजूस घरचें नांव, अशा दोन रकान्यांची ती वही शाळा उघडतांच वर्गांत आणावी.